काही मिलिमीटर

नव्वदच्या दशकातली ती वर्षं म्हटलं की मला एसटीच्या सीटचं तापलेलं रेक्झिन आठवतं. श्रीरामपूर ते पुणे, पुणे ते श्रीरामपूर. बायकोला मल्टिपल स्क्लेरोसिस होता. मेंदूतल्या नसांवरचं आवरण जागोजागी खराब होत जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आधी एक डोळा अंधुक झाला, तो सुधारला. मग डावा पाय ओढायला लागला, तो काही पुरता सुधारला नाही. तेव्हा पहिला एमआरआय झाला होता. काठी टेकत ती शाळेत जात राहिली. मुलींच्या शाळेत दहावीला गणित शिकवायची.

पायाचं आम्ही पचवलं होतं. पण पुढे ती बोलता बोलता थांबायला लागली. दूध उतू जायचं आणि ती शेजारीच उभी असायची. थकवा असेल, असं मी म्हणत राहिलो. थकलेलो तर मीही होतोच. एकदा शाळेतून आली आणि चपलाही न काढता खुर्चीत बसली.

"आज फळ्यावर गणित अडलं. एक पोरगी हळूच म्हणाली, बाई, वरच्या ओळीतलं उणे राहिलं. अहो, त्या पोरी कितीतरी दिवस मला सांभाळून घेताहेत."

आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. एमआरआयच्या आधी एका बाईंनी तिची परीक्षा घेतली. त्या एकेक आकडा म्हणायच्या. तिने तो मागच्या आकड्यात मिळवून उत्तर सांगायचं. सुरुवातीला ती बरोबर सांगत गेली. मग एक आकडा निसटला आणि त्याच्यामागे सगळेच गेले.

"जरा हळू म्हणाल का?" तिने विचारलं.

"सगळ्यांना याच वेगाने विचारतो आम्ही," त्या बाई ओशाळून म्हणाल्या.

 बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "मला येतं हो. पण मी धरेपर्यंत ते पुढे गेलेलं असतं."

दुपारी डॉक्टरांनी जुनी आणि नवी फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावली. "मधल्या या काळ्या पोकळ्या बघा. आधीपेक्षा मोठ्या झाल्यात. म्हणजे भोवतालचा मेंदू आक्रसलाय."

"किती?"

त्यांनी पट्टी लावून दोन्हीकडे मोजलं. फरक काही मिलिमीटरचा होता.

"भूमितीत एवढ्याला मी मार्कसुद्धा कापत नाही," ती म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. हे थांबवेल असं खात्रीचं औषध आज आपल्याकडे नाही, एवढं त्यांनी सरळ सांगितलं. त्या सरळपणाचं मला बरंच वाटलं. आशा धरायलाही ताकद लागते.

घरी सासूबाई मिरजगावहून येऊन राहिल्या होत्या. "काय निघालं फोटूत?" त्यांनी दारातच विचारलं.

"आई, मेंदू बारीक झालाय माझा."

"व्हय? मग हुईल की भरून. खातीस कुठं तू? लई हाल केलेस जिवाचे." आणि त्या भाकरी थापायला बसल्या. बायको खूप दिवसांनी मोकळी हसली. मग तिथेच भिंतीला टेकून झोपून गेली.

पुढच्या आठवड्यात ती स्वतःच मुख्याध्यापिकांकडे गेली. दहावी सोडली, पाचवी मागून घेतली. तिथे ती प्रत्येक पायरी पोरींकडून मोठ्याने म्हणवून घ्यायची. पोरींना वाटायचं, बाईंची शिकवायची पद्धतच अशी आहे. अशी काही वर्षं निघाली. मग पाचवीचं गणितही जड जायला लागलं आणि तिने नोकरी सोडली.

डॉक्टरांनी पुन्हा एमआरआय सुचवला तेव्हा मी तिला विचारलं. "नको," ती म्हणाली. "कमी होतंय ते मला कळतंय. मोजायला इतक्या लांब कशाला जायचं?"

मी आग्रह केला नाही. त्या दिवशी दोघंही जेवून दुपारभर झोपलो.