समोरून ऐकलेला बँड

टैमअप्पांच्या मनगटावर जन्मात कधी घड्याळ आलं नाही, पण आमच्या निर्णा गावातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळ त्यांना तोंडपाठ होती. नुसती वेळ नव्हे. कोणता ड्रायव्हर चहाला किती थांबतो आणि कोणता फाट्यावर माणसं टाकून निघून जातो, हेही ते सांगत. लग्नाला, कोर्टाला, दवाखान्याला, कुठंही जायचं असलं की आमच्या वस्तीतलं माणूस आधी त्यांच्या दारात येऊन बसायचं. ते माझे सख्खे चुलते. त्यांचं खरं नाव मतदार यादीत तेवढं होतं.

त्यांचा प्रत्येक बेत उलटा सुरू व्हायचा. "जाणारा कसाबी जातो, येतो कसा ते आधी बघावं," असं ते म्हणत. म्हणजे मातीला निघालेल्या माणसालाही ते आधी परतीची गाडी सांगायचे. त्यावरून लोक त्यांची थट्टा करत, आणि पुन्हा त्यांनाच विचारायला येत.

बीदरला ऑफिसात नोकरी लागल्यावर मी तिथल्याच मैलूर भागात खोली करून राहिलो. ऐंशीच्या थोडं आधीची गोष्ट. हवाई दलाचं बँडपथक रविवारी दुपारी चारला शहरातल्या मैदानात वाजवणार आणि ते सगळ्यांना खुलं असणार, असं ऑफिसात कळलं. गावी गेलो तेव्हा मी सहज अप्पांच्या कानावर घातलं. त्यांनी विचारलं, "ढोल असत्यात व्हय त्यात?" असतात म्हणालो. "मग सहा जण येतो."

हे सहा जण कोण, ते सांगायला हवं. आमच्या वस्तीचा हलगीचा ताफा होता, त्यातले हे. जत्रा, दवंडी, मयत, काहीही असो, गावानं हाक मारली की वाजवायचं, मांडवाबाहेर उभं राहायचं आणि दिलं ते पदरात घ्यायचं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी वस्तीनं ठरवलं, हलगी बंद. हे ठरवण्यात पुढे अप्पाच होते. त्यांनी घरोघर फिरून हलग्या गोळा केल्या आणि चावडीसमोर विळ्यानं एकेक फाडली. त्यातली एक लिंबाजीतात्यांची होती, त्यांच्या वडिलांच्या हातची. तात्यांइतका वाजवणारा चार गावांत नव्हता. त्या दिवसापासून तात्या अप्पांशी बोलले नाहीत. दोघांच्या घरांची भिंत एक, पण बोलणं तिसऱ्याच्या तोंडून. "त्याला म्हणावं, तुझी शेळी माझ्या कडब्यात शिरली." असं बावीस वर्षं चाललं.

एकदा मी तात्यांना स्पष्ट विचारलं होतं, हलगी सोडायला तुमचा विरोध होता का? ते म्हणाले, "न्हाई रं. सोडायची हे मलाबी कबूल होतं. मयताच्या पुढं वाजवून शिव्या मीबी खाल्ल्यात. पर फाडायची कुणी सांगितली?" हे मी अप्पांना सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं आणि हुमनाबादची गाडी आज उशिरा आहे म्हणाले.

तर अप्पांनी बेत आखायला घेतला. मधल्या बुधवारी ते एकटेच बीदरला आले आणि स्टँडापासून मैदानापर्यंत दोनदा चालून वेळेचा अंदाज घेऊन गेले. पाणी कुठं, सावली कुठं, मुतारी कुठं, शेवटची गाडी कोणत्या फलाटावरून, सगळं बघितलं. माझ्या बायकोला सांगून गेले, "पोरी, चहा सहा जणांचा. पाचाचा करू नगंस." प्रत्येकानं दोन भाकऱ्या आणि ठेचा बांधून आणायचा, धोतर निळीत काढलेलं पाहिजे, विडी मैदानात ओढायची नाही. घराच्या दारावर खडूनं त्यांनी सहा रेघा मारल्या होत्या. अक्षर येत नव्हतं म्हणून रेघा. पहिली रेघ कुणाची, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

तात्यांकडे निरोप घेऊन मीच गेलो. त्यांनी उत्तर पाठवलं, "त्याला म्हणावं, मला बघायचं असंल तर माझा मी जाईन. रस्ता काय त्याच्या बापाचा न्हाई." मी हे शब्दशः पोचवलं. अप्पांनी पहिली रेघ पुसली नाही.

रविवारी मी स्टँडावर उभा होतो. गाडीतून अप्पा उतरले, मागोमाग चौघं उतरले, पांढरेशुभ्र. अप्पा गाडीकडे बघतच राहिले. सगळी गाडी रिकामी झाल्यावर तात्या उतरले आणि मला म्हणाले, "मी दवाखान्याला आलाव." रविवारी कुठला दवाखाना? मी सगळ्यांना खोलीवर नेलं. बायकोनं सहा कप चहा केला. दवाखान्याला आलेल्या माणसानं तो घेतला आणि आमच्यामागं वीस पावलांवरून चालत मैदानात आला.

आता अप्पांच्या एवढ्या बेतात जे राहून गेलं, ते सांगतो. मैदानात समोर खुर्च्या मांडल्या होत्या, त्यामागं सतरंज्या. बँडवाले निळ्या गणवेशात ओळीनं उभे राहत होते. आमची माणसं खुर्च्यांकडे बघायलाही थांबली नाहीत. सरळ चालत गेली आणि बँडच्या मागच्या बाजूला, ढोलवाल्यांच्या पाठीशी, ओळीत उभी राहिली. सगळ्यांत पुढं अप्पा. मीही त्यांच्याबरोबर गेलो आणि उभा राहिलो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नोकरदार माणूस मी, सिनेमा खुर्चीत बसून बघणारा. पण वाजप म्हटलं की आपली जागा वाजवणाऱ्यांच्या बाजूला, हे अंगात मुरलेलं. आमच्या माणसांनी आयुष्यात वाजप समोरून कधी ऐकलंच नव्हतं.

एक जवान धावत आला. आम्हाला वाटलं, आता हाकलणार. अप्पांनी जुन्या सवयीनं पायातल्या वहाणा काढायला सुरुवात केली होती. तो म्हणाला, "बाबाजी, यहाँ क्यों खड़े हैं? आगे चलिए, कुर्सी पर बैठिए." अप्पांनी विचारलं, "हमीच?" तो हसला आणि त्यानं अप्पांचा हात धरून नेलं. दुसऱ्या रांगेत सहा-सात खुर्च्या रिकाम्या होत्या. कडेला अप्पा बसले. शेवटी एकच खुर्ची उरली, अप्पांच्या शेजारची. तात्या थोडा वेळ उभेच राहिले. मागून कुणीतरी "बैठो ना चाचा, दिखता नहीं" म्हणून ओरडलं, तेव्हा बसले.

बँड चांगलाच झाला असणार, मला त्यातलं कळत नाही. मी आपला माणसांकडे बघत होतो. मध्येच बाकीची सगळी वाद्यं थांबली आणि एकटा ताशेवाला दोन काड्यांनी वाजवू लागला. समोरचे साहेब लोक ताठ बसून ऐकत होते. संपल्यावर सगळ्या मैदानानं टाळ्या वाजवल्या. एका ताशेवाल्यासाठी एवढी माणसं टाळ्या वाजवतात, हे अप्पा डोळे ताणून बघत होते.

टाळ्या थांबल्या तेव्हा तात्या समोर बघतच म्हणाले, "डावा हात कच्चा हाय गड्याचा."

कुणाला म्हणाले, ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग अप्पांचा आवाज आला. एवढा बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "तुझ्यावानी डावा हात कुणाचा असंल, लिंबा?" आणि थोड्या वेळानं, "फाडाया नको होती मी. ठिवून दिली असती घरात, तर काय झालं असतं?"

"गप बस," तात्या म्हणाले. "ऐकू दे."

परतीच्या गाडीत दोघं एकाच बाकावर बसले आणि निर्णा येईपर्यंत त्या ताशेवाल्याच्या चुका काढत होते, असं बाकीच्यांनी मला पुढं सांगितलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तात्या अप्पांच्या ओट्यावर असायचे. गावी गेलो की मी मुद्दाम त्या वेळेला तिकडून जायचो. मला बरं वाटायचं, हे कबूल करतो.

पण हे फार दिवस चाललं नाही. दुसऱ्याच वर्षी थंडीत अप्पा तापानं गेले. मी पोचलो तेव्हा वंदना होऊन गेली होती आणि उचलायची तयारी चालली होती. तात्या उशाशी बसले होते, उठायला तयार नव्हते. पोरांनी धरून उठवलं, तसे माझ्याकडे वळून म्हणाले, "लई बोलायचं ऱ्हायलं रं ह्याच्याशी. बावीस वरसं मीच वाया घातली. एका कातड्यापायी."