बशीतला चहा
कुठे सुंठ कुटल्याचा वास आला की मला पुलगावच्या आमच्या घरातली ती सकाळ आठवते. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन नऊ दिवस झाले होते. दवाखान्यातून घरी आले, पण तोंडून एक शब्द नाही, नजर छताला. ते आम्हाला ओळखतात की नाही, हेही कळत नव्हतं. डॉक्टरांनी घोट घोट चहा द्यायला सांगितला होता, साखर मात्र अगदी कमी. बाबांचा चहा मला पाठ होता. पाण्यात पत्ती आणि भरपूर साखर काळं होईस्तोवर उकळायची, मग सुंठ, शेवटी दूध, आणि प्यायचा तो बशीतच. मी भीत भीत चिमूटभर साखर टाकली आणि सांडू नये म्हणून कपातच नेला. पहिल्या घोटालाच त्यांनी तोंड फिरवलं. आईचा चेहरा उतरला. "काऊन पीत नाई जी? गिळता येऊन नाई राह्यलं का?" मी दुसरा घोट पाजला, तो हनुवटीवरून मानेवर ओघळला. तेवढ्यात त्यांनी डाव्या हातानं कप बाजूला सारला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि जड जिभेनं म्हणाले, "फिक्का हाय. बशी आन." आई रडायलाच लागली. मला मात्र राग आला; नऊ दिवस जिवाला घोर लावला आणि पहिला शब्द काय, तर माझ्या चहाला नाव ठेवलं! आता माझा चहा सगळ्यांना आवडतो. त्याला नाव ठेवणारं घरात कोणी उरलं नाही.