निलगिरीला लावलेला जॅक

आमच्या परड्यातली निलगिरी अत्यंत सुरक्षितपणे पाडण्यात आली, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको.

झाड चांगलं उंच आणि पूर्वेला कललेलं होतं. पूर्वेला होतं आमच्या मंगलचं नवंकोरं स्वयंपाकघर. लग्न झाल्यापासून ही बाई सोप्यात चूल मांडून रांधत होती. (मी सैन्यात ट्रक चालवत देशभर हिंडत होतो, त्यामुळे धूर मला कधी लागला नाही.) मी पेन्शनवर घरी आलो, तेव्हा तिने मला आत घेण्याआधी स्वयंपाकघर कबूल करून घेतलं. ओट्याची फरशी निवडायला ती पाटणला इतक्या वेळा गेली, की दुकानदार तिला घरातली माणसं कशी आहेत ते विचारायला लागला. त्या फरशीवर निलगिरीची एक फांदी जरी पडली असती, तरी माझं उरलेलं आयुष्य त्याच सोप्यात गेलं असतं.

झाडं तोडणारे युसूफभाई येऊन बघून गेले. म्हणाले, "हवालदार, ह्ये दोरानं वढून जमायचं न्हाई. घराच्या अंगानं काप घ्यायचा, त्या फटीत जॅक बसवायचा. जरा जरा उचलायचं आन् मागनं पाचरी ठोकत जायच्या. मंग पश्चिमेला, रिकाम्या शेतात पडतंय बघा गपगुमान."

पद्धत मला एकदम पटली. जॅक आणि मी, आमची जुनी ओळख. पण युसूफभाईंचा जॅक बिघडला होता, म्हणून मी आटपाडीला मेव्हण्याला फोन लावला. शंकरकडे टिपर आहे, म्हणजे जॅक असणारच. निवडणूक लढवल्यापासून तो टिपरपेक्षा पुढाऱ्यांच्याच मागे जास्त असतो, हे माझ्या डोक्यातून गेलं.

"शंकर, निलगिरी पाडायची हाय. जॅक लावाय लागंल."

"तशी पडू देत न्हाईत व्हय?"

"अवघड हाय गड्या. आन् बारका जॅक चालायचा न्हाई."

"मोठाच आणतो, दाजी. लय मोठा."

"पाचरी मारायला माणूस हाय हितं."

"त्यो तर परत्येक गावात असतोय. म्हणून तर मोठा जॅक लागतोय!"

टिपरवाल्याला झाडकामातलं इतकं कळतं, याचं मला कौतुक वाटलं.

ठरल्या दिवशी सकाळी शंकरचा पत्ता नाही. शेवटी शेजाऱ्याच्या उसाच्या ट्रॉलीचा जॅक आणला आणि काम सुरू केलं. युसूफभाईंनी दोन्ही बाजूंनी काप घेतले, मध्ये बिजागरीसारखं थोडं लाकूड ठेवलं. जॅकचा दांडा मी हाणत होतो, पाचरी ते ठोकत होते. झाड केसाकेसाने सरळ होत होतं. मंगल लांब बांधावर हात जोडून उभी होती. त्या क्षणी मला स्वतःबद्दल फार आदर वाटला.

एवढ्यात एक पांढरी लांबलचक गाडी शेतात शिरली आणि शेतातल्या एकुलत्या एका सावलीत उभी राहिली. सावली अर्थातच निलगिरीची. सकाळची वेळ, म्हणजे पश्चिमेला पडलेली!

आम्ही हात हलवून ओरडलो. गाडीतून खादीतले एक गृहस्थ उतरले आणि त्यांनीही हात हलवला. मागून शंकर उतरला, आमच्यापाशी आला आणि छाती काढून म्हणाला, "दाजी, ह्यो आपला जॅक. अण्णासाहेब."

अण्णासाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "परवानगीचं मी बगतो. फकस्त पाचर कोण मारतंय, त्येचं नाव सांगा."

"युसूफभाई," मी म्हणालो. खरंच तेच मारत होते.

अण्णासाहेब त्यांच्याकडे वळले. "का वो, यांच्या कामात पाचर मारून तुमाला काय मिळतंय?"

युसूफभाई हातोडा घेऊन उभे. "हवालदारांनीच बोलावलंय मारायला."

स्वतःच्या जागेतल्या निलगिरीला परवानगी लागतच नाही, हे समजावायला वेळ नव्हता. वारा सुटला होता आणि बुंधा करकरायला लागला होता. ड्रायव्हर उसात गेलेला. (उसात माणूस ज्या कामाला जातो, त्यात त्याला घाई करता येत नाही.) किल्ली मात्र गाडीतच होती.

"सरका. बर्फात ट्रक चालवलाय मी," म्हणून मी गाडीत बसलो.

गाडी ऑटोमॅटिक होती. क्लचच नाही. माझा डावा पाय आयुष्यभराच्या सवयीने क्लच शोधत राहिला आणि उजवा बिचारा एकटा पडून जे सापडलं ते दाबत बसला. गाडी मागे सुटली, झाडाला लांबून वळसा घालून गेली आणि जिथे थांबली तिथे मसाल्याचा वास येत होता. मान वळवून बघितलं, तर मागच्या काचेवर मंगलचा हळदीचा डबा उपडा झालेला.

लगेच गाडीच्या समोरच्या बाजूला मोठा आवाज झाला. निलगिरी पश्चिमेला, रिकाम्या शेतात, अगदी आखल्यासारखी पडली होती. एक पानसुद्धा घराकडे आलं नाही.

मंगल आली. भिंतीतल्या भगदाडाकडे बघितलं, फरशीवर हात फिरवला. ओटा शाबूत होता. मग मटकन खाली बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला इतकं हलकं वाटलं, की मीही तिथेच विटांवर बसलो. अण्णासाहेबांनी हळदीच्या गाडीला टेकून चहा घेतला आणि शंकरने पहिल्यांदाच खरा जॅक हातात धरून बघितला.

भगदाडाच्या जागी आता खिडकी आहे. मंगल तिथून मळा बघत भाजी निवडते.

मागच्या अंगाला आणखी एक निलगिरी होती, तीही यंदा पाडली. झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी थांबू नये, असा युसूफभाईंचा नियम आहे. माझ्यापुरतं ते अंतर मंगलने वाढवलं. त्या दिवशी मी आटपाडीला होतो.