वंदनाताईंनी न झाकलेला डाग

दारव्ह्यात वंदनाताईंचं मेकअपचं काम बंद पडलं ते माझ्यामुळे. त्यांच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, घरी बायकोलाही नाही. तिला वाटतं, लोकांनीच त्या बाईला टिकू दिलं नाही. ती तसं म्हणते तेव्हा मी हो म्हणतो.

माझा दारव्ह्याला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाआधीच्या फोटोंचं खूळ आपल्याकडे आलं तेव्हा मेकअपला माणूस मिळेना, आणि कोणीतरी बोरी अरबच्या वंदनाताईंचं नाव सुचवलं. मुलगी दहावीला गेल्यावर त्यांनी यवतमाळला सहा महिन्यांचा क्लास केला होता. जिथून बोलावणं येईल तिथं एसटीनं जायचं, सामान मुलीच्या जुन्या दप्तरात. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून तोंडात 'ताई'च आलं.

त्या पहिल्या दिवशी मी चाटच पडलो. त्यांनी समोरच्या मुलीला नळावर दोनदा तोंड धुवायला लावलं, दारातल्या उजेडात उभं केलं आणि त्या बिनमेकअपच्या तोंडाचा आपल्या फोनवर फोटो काढला. रंग जुळवायला. मनात म्हटलं, ही बाई आज मार खाणार! काम संपल्यावर त्यांनी फोन त्या मुलीच्याच हातात दिला. "पुस बाई तुह्या हातानं. तोंड तुहं हाय, माह्या फोनमंधी कायले ठेवू?"

हे त्यांनी कधी चुकवलं नाही. एकदा साडीच्या दुकानाच्या जाहिरातीचं काम होतं. मालकाची मर्जी म्हणून मी म्हटलं, "ताई, जरा दोन शेड गोरी करा." त्यांनी स्पंज खाली ठेवला. "भाऊ, गोरी पोरगी पाह्यजे होती तं गोरीच आणाची होती. हिले कायले चुना लावू?" ती मुलगी फिदीफिदी हसली. मालकही हसला. मग त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मान आन तोंड एकाच घरचे दिसले पाह्यजे." नंतर किती वेळा ऐकलं मी ते.

प्रणाली आली तिला आता चार वर्षं झाली. जवळच्याच गावची, चांगल्या शेतीवाल्या घरची. स्थळांना पाठवायला फोटो हवे होते. कानाखाली मानेवर चिंचोक्याएवढा पांढरा डाग होता. वंदनाताईंनी तिला आरशापुढे बसवून विचारलं, "झाकू का राहू देऊ? झाकला तं तुले पाहाले येणाऱ्याले घरी दिसनच." प्रणालीनं मान वळवून डाग आरशात पाहिला. "राहू द्या ताई. आधीच दिसला तं बरं." ताईंनी अर्धा तास तिची मान आणि चेहरा जुळवला, डागाला हात लावला नाही. जाताना मला बजावलं, "भाऊ, डाग राहू द्या बरं. पोरीनं सोता सांगतलं."

दुसऱ्या दिवशी फोटो साफ करताना मी तो पुसला. कोणी सांगितलं नव्हतं. पोरीचं भलं करतोय असं तेव्हा खरंच वाटलं. तिच्या वडिलांनी फोटो पाहिले, एक शब्द न बोलता पसंत केले आणि तेच पाठवले.

पंधरा दिवसांनी ते मुलीला आणि तिच्या मामाला घेऊन स्टुडिओत शिरले. वंदनाताई दुसऱ्या कामासाठी तिथंच होत्या.

"ये बाई, काय थापलं होतं तू पोरीच्या मानीले?" वडील ओरडले. "पाहुण्यायनं भरल्या बैठकीत आमाले चोर म्हटलं!"

"पावडर लावून डाग झाकते हे," मामा म्हणाला, "आन भोगाचं आमी."

प्रणाली म्हणाली, "बाबा, ताईनं काई नाई झाकलं. मी आरशात पाह्यलं, डाग दिसत होता."

"तू चूप राह्य!" मग वडील माझ्याकडे वळले. "भाऊ, तुमी सांगा. फोटो तुमी साफ केला, का हिनं झाकलं?"

लग्नसराई तोंडावर होती, आणि या माणसाच्या शब्दावर दहा गावांतली कामं मिळायची. तरी मी काही विचार करून बोललो असं म्हणता येत नाही. तोंडातून सरळ निघालं, "मी तं फक्त उजेड वाढवतो, काका. बाकी मेकअपवाल्यायचं काम." पान मागावं तितक्या सहज. माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. मूळ फोटो माझ्या कोपराशी कंप्यूटरमध्ये होता. ताईंकडे मेकअपनंतरचा फोटो नव्हताच, आधीचाही प्रणालीच्याच हातानं पुसला गेला होता, म्हणजे खरं काय ते दाखवू शकणारा मी एकटाच होतो. प्रणाली माझ्याकडे बघत राहिली. एकवीस-बावीस वर्षांची पोर. मोठा माणूस समोरासमोर असं खोटं बोलतो, हे तिला त्या दिवशी माझ्याकडून कळलं.

ते लोक निघून गेले. ताई ब्रश पुसून दप्तरात ठेवत होत्या. मला वाटलं, आता शिव्या देतील.

"भाऊ, पुसाले किती वेळ लागते ते?"

"दोन मिनिटं," मी म्हटलं.

"मी चूप काहून राह्यली मालूम हाय? मले वाटलं, तुमी सांगान."

एवढंच. महिनाभरात त्यांची ठरलेली कामं एकेक करून रद्द झाली. 'डाग झाकणारी' म्हणून नाव पडलं, आणि मुली दाखवायच्या घरात तिला कोण बोलावणार? माझा हंगाम मात्र जोरात गेला.

मागच्या हिवाळ्यात केळापूरला एका लग्नाचं काम होतं. दुपारी जेवणाच्या मांडवामागं गेलो तर वंदनाताई पोळ्या लाटत होत्या. स्वयंपाकाच्या टोळीबरोबर आल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, पिठाचे हात झटकून उठल्या. आता त्या सगळ्यांसमोर सुनावतील तर बरं, असं मला वाटलं.

"कसे आहा भाऊ?" आणि लगेच, "प्रणालीचं जमलं काय जी कुठी?"

मला माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर एकदाही मी चौकशी केली नव्हती, तिच्या गावावरून दर महिन्याला जातो तरी. मी म्हटलं, "ऐकण्यात नाई." त्यांनी हातावरचं उरलेलं पीठ पदराला पुसलं. "तुमचं जाणं-येणं असते, म्हणून इचारलं," म्हणाल्या आणि परत पोळपाटाशी बसल्या. मागून कोणीतरी 'फोटोवाले भाऊ' म्हणून हाक मारली, तेवढं निमित्त मला पुरलं.

प्रणालीच्या वडिलांच्या घरी जाऊन, तिच्यासमोर आणि मामासमोर, डाग मी पुसला आणि वंदनाताईंवर ढकलला, हे मला सांगायचं आहे. मग बोरी अरबला जाऊन, सांगून आलो, हे ताईंना कळवायचं आहे. दोन्ही अजून राहिलं आहे.