चिंचखारच्या शाळेची मोजणी

गुडघाभर चिखलात मी मोजणीचं मशीन सांभाळत उभा होतो आणि सहा आजोबा माझ्यावर भडकले होते. मी एवढंच म्हटलं होतं, की तुमची शाळा इथे नाही.

मी भूकरमापक, म्हणजे नकाशातली जमीन जागेवर दाखवणारा सरकारी माणूस. चिंचखार हे अलिबागकडचं खाडीकाठचं गाव. बांध फुटला, भातशेतीत खारं पाणी घुसलं, माणसं टेकडीवर राहायला गेली. खाली उरली तिवरं. तरी शाळेचे माजी विद्यार्थी, म्हणजे हेच आजोबा, दर पंधरा ऑगस्टला ओहोटीची वेळ बघून उतरायचे आणि जुन्या जोत्यावर झेंडा लावायचे. आता तिथून जेटीचा रस्ता जाणार होता. मोजणीत शाळा सापडली, तरच तेवढी जागा वाचणार होती.

नकाशा शाळा या जोत्यापासून साठ फूट पूर्वेला दाखवत होता. तिकडे नुसता चिखल.

"चौथीपर्यंत याच जोत्यावर बसलोय," गणूअण्णा म्हणाले. हे रिटायर्ड हेडक्लार्क, मशीनला मेमो द्यायचाच काय तो बाकी होता. "ही झेंड्याच्या दोरीची कडी बघा."

दगडात लोखंडी कडी होती खरी. मी ऑफिसला फोन लावला. जोतं आहे ना, मग तेच दाखव आणि ये, असं साहेब म्हणाले. मोह झाला, खोटं कशाला बोलू.

चहाची किटली घेऊन आलेली, त्यांच्याच वयाची हिराबाय तेवढ्यात बोलली. "कवापासून सांगते, ही शाळा न्हाय. कोंडवाडा हाय. कडी गुरांची."

कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं डांबायची जागा.

"तू कधी शाळेत गेलीस?" अण्णांनी विचारलं.

"न्हाय गेली. म्हस चारायची. ती हितं डांबली तवा दुपारभर रडत बसलेली. पाढे तिकडून आयकू येत." तिने बोट पूर्वेला केलं. माझं मशीनही तेच म्हणत होतं.

पूर्वेला पहार घातली. दीड हात खाली दगडी पायरी लागली. तिच्यावर पाटीच्या पेन्सिलींना टोक काढून पडलेल्या खाचा होत्या. अण्णांनी एका खाचेत बोट घालून पाहिलं. मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे इतकी वर्षं आपण कोंडवाड्याला सलामी दिली," आणि सगळे चिखलातच हसत सुटले.

रस्ता वळला. पुढच्या पंधरा ऑगस्टला मलाही बोलावणं आलं. अण्णांनी दोरी हिराबायच्या हातात दिली. ती म्हणाली, "थांब. आधी शाळेत बसू दे." आणि पायरीवर मांडी घालून बसली. पाणी चढायला लागलं तरी तिला कोणी उठवलं नाही.

आता मोजणीला गेलो की नकाशा उघडायच्या आधी मी विचारतो, शाळेत न गेलेलं गावात कोण आहे?