पुंजाराम आणि स्टँडवरची जिलेबी

मधुमेही पुंजाराम चोरून जिलेबी खातो, ही बातमी १९७८च्या पावसाळ्यात कॉलनीभर झाली. शेजारच्या मालनबाईंनी ती नुसती सांगितली नाही, वरून तूपही सोडलं. "सुमनबाई, तुमचे मालक रोज सांजच्याला एसटी स्टँडवर, जिलेबीवाल्यासमोर उभे! वास घ्यायला जातात होय?"

सुमनबाईला पुरावा घरातच मिळे. सकाळी निळ्या औषधात नवऱ्याच्या लघवीचे थेंब टाकून नळी दिव्यावर धरायची. रंग निळा राहिला तर ठीक, विटकरी झाला तर साखर. आधी हिरवट यायचा. हल्ली रोज विटकरी.

"खाल्लंत ना?"

"नाही गं."

"मग ही वीट काय माझ्या बापाने टाकली नळीत?"

पुंजारामने आणखी तोंड उघडलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. नामांतराच्या दंगलीत परभणीकडे थोरल्या लेकीच्या, चांगुणाच्या सासरची वस्ती जळाली होती. ती पोरांना घेऊन कुठे निघाली, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडून आलेल्या एका पाहुण्याने त्याला हे सांगितलं होतं. पण सुमनबाईचं हृदय नाजूक, म्हणून तिला तो म्हणाला होता, "चांगुणाचं गाव सुखरूप आहे."

सुमनबाईने त्याचा गूळ कुलपात घातला, भाकरी निम्मी केली. गडी वाळत चालला, साखर चढतच राहिली. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. डॉक्टरही वैतागले.

"झोप लागते का हो? कसली धास्ती घेतलीय? माणूस सारखा भेदरलेला असला की अंगात असे रस सुटतात, की साखर जिरवणारं इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायनही त्यात हात घालतं म्हणतात. त्याचा नीट थांग अजून कुणाला नाही."

"धास्ती? छे!" पुंजाराम बायकोकडे न बघता म्हणाला.

तिथेच सुमनबाईला शंका आली. संध्याकाळी ती गुपचूप त्याच्या मागे गेली. औरंगाबादहून येणारी गाडी लागली; परभणीकडची माणसं तिनेच यायची. लंगडत पुढे होऊन पुंजाराम कडेवर मूल घेऊन उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे बघत होता. गाडी रिकामी झाली, तरी हलेना.

"अहो, कोण यायचंय?"

तो वळला. मग तिथेच, बाकावर बसून, त्याने तिला सगळं सांगितलं. घरी जायचं दोघांनाही सुचेना.

चांगुणाचा पत्ता पुढेही लागला नाही. पुंजारामचा अंगठा कापावा लागला. जिलेबी त्याने एकदाही खाल्ली नव्हती. तो स्टँडवर लेकीची वाट बघायला जात होता, आणि त्याची साखर काळजीने वाढली होती.