वकिलाच्या दारातला तरवड

आमच्या यजमानांना बागेचं वेड आहे, असं लोक म्हणत. वेड साहेबलोकांचं होतं, बाग नुसती निमित्ताला. सोलापूरच्या उन्हात हे विलायती बी मागवून पॅन्सी लावत. घरातल्या बायकांनी आंघोळीचं पाणी घंगाळात साठवायचं, ते त्या लाडक्या रोपट्यांसाठी. रोपटी दोन पानं दाखवत आणि माना टाकत. मग हे माळ्याला शिव्या देत.

मी माहेराहून, सांगोल्याकडून, तरवडाच्या चपट्या शेंगा पदरात बांधून आणल्या आणि बी कुंपणाजवळच्या मुरमात टोचलं. पाणी घातलं ते पहिल्या उन्हाळ्यापुरतं. "कातडी कमवायला ज्याची साल लागते ते झुडूप वकिलाच्या दारात!" हे म्हणाले. तिसऱ्या वर्षी पावसाळा सरताना झुडूप पिवळ्या घोसांनी भरून गेलं. यांनी ढुंकून पाहिलं नाही.

पाहिलं ते मागच्या घरातल्या विणकरीणबाईंनी. घर तेलुगू, दिवसभर मागाची खटखट. नवरात्राच्या सुमारास त्यांच्या बायका फुलांची उतरंड रचतात, तिच्याभोवती फेर धरतात आणि शेवटच्या दिवशी ती तळ्यात सोडतात. तिला बतकम्मा म्हणतात, आणि तिच्यात तरवड हवाच. पूर्वी त्या तो समोरच्या माळावरून आणत, पण तिथे आता चाळी उठल्या होत्या.

"अक्का, थोडं फूल देता की? त्याच्याबिगर आमचा सण व्हत न्हाय."

मी टोपली भरून दिली. पुढल्या वर्षी त्यांच्या लेकीचा लग्नानंतरचा पहिला सण होता. तेव्हाही फुलं माझ्याकडूनच न्यायची, असा शब्द मी देऊन बसले.

ते पुढलं वर्ष आलं, आणि श्रावणात एका साहेबाची मडम आमच्याकडे चहाला आली. यांच्या जेमतेम जगलेल्या गुलाबांवरून तिची नजर जी घसरली ती थेट कुंपणावर, तरवडाच्या पहिल्या फुलांवर थांबली. ती काय म्हणाली मला कळलं नाही, पण यांचा चेहरा असा उजळला, जणू तरवड यांनीच जन्माला घातला होता. नवरात्रात पुन्हा बघायला येते म्हणाली. झालं! दुसऱ्याच दिवशी यांनी चिनी मातीची कुंडी आणि कुदळ मागवली.

"मूळ खोल गेलेलं असतं, तुटेल," मी म्हटलं.

"तुला काय कळतं बागेतलं?"

मूळ तुटलंच. कुंडी पोर्चच्या सावलीत, वर सकाळ-संध्याकाळ पाणी. पानं पिवळी पडून गळाली, माळ्याला पुन्हा शिव्या बसल्या. शेंड्याला तेवढा एक घोस मरता मरता उमलला. त्याला हे कुणाला हात लावू देत नव्हते.

मडम यायची ती नेमकी बतकम्माच्या शेवटच्या दिवशी. सकाळी विणकरीणबाई टोपली घेऊन आल्या, मागे हिरव्या चुड्यातली लेक. कुंडीकडे पाहून बाईंनी रिकामी टोपली खाली ठेवली.

"बाजारात झेंडू मिळतो, तो न्या," हे म्हणाले. "हवे तर दोन गुलाब देतो." यांच्या लेखी उदारपणाची ही हद्द होती.

"गुलाब चालत न्हाय वो साहेब," लेक पुटपुटली. तिचे डोळे भरून आले होते.

मला संताप आला. यांच्यादेखत मी तो घोस मोडला आणि मुलीच्या ओंजळीत ठेवला. लग्नानंतर यांना न विचारता केलेली ती माझी पहिली गोष्ट.

संध्याकाळी मडम कुंडीतल्या त्या काटकीपुढे उभी राहिली आणि तिनं काहीतरी विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं.

"फूल तळ्यावर गेलंय म्हणावं," मी म्हटलं. "बघायचंय तर तिकडे जावं."

यांनी इंग्रजीत काय सांगितलं देव जाणे. मडम मात्र टोपी सावरत निघालीच, आणि मग यांनाही जावं लागलं. मीही गेले. विणकरांच्या बायकांमागे, पॉलिश केलेले बूट चिखलात रुतवून हे उभे राहिले. समोर त्या मुलीनं उतरंड हळूच पाण्यावर ठेवली, शेंड्याला तो एकच घोस. यांनी पहिल्यांदा तरवडाकडे नीट पाहिलं, तेव्हा तो तळ्यात चालला होता.